मार्थाबाईंचं येणं-जाणं

मार्थाबाईंसमोर कुणाची तक्रार करायची सोय नव्हती. तुम्ही बोलायला लागलात की त्या शांतपणे ऐकून घेत, मधेच उठत आणि पायात चपला सरकवत.

"चल," म्हणत.

"कुठं?"

"त्येच्याच घरी. इथं मला सांगून काय व्हणार?"

लातूरच्या मिशन शाळेत मी शिक्षिका म्हणून आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलींच्या बोर्डिंगच्या त्या मेट्रन, आणि माझी खोली त्यांच्या खोलीला लागून. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याजवळ एका जुन्या मास्तरांविषयी कुरकुर केली. ते माझ्या वर्गातली खुर्ची न विचारता उचलून नेत आणि मुलींसमोर मला 'ए पोरी' म्हणत. वडीलधारी बाई आहे, दोन शब्द सहानुभूतीचे बोलेल, एवढीच माझी अपेक्षा. त्याऐवजी त्यांनी मला भर उन्हात गंजगोलाईच्या बाजारापलीकडे नेऊन त्या मास्तरांच्या दारात उभं केलं. "ही काय म्हणायलीय ते ऐका," एवढंच त्या बोलल्या आणि मास्तरांच्या बायकोजवळ तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. मी काय पुटपुटले ते आठवत नाही. मास्तर ओशाळले, मी त्यांच्याहून जास्त. परत येताना मी रागानं त्यांच्या दहा पावलं पुढं चालत होते. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. वाटेत थांबून त्यांनी मशेरीची पुडी घेतली.

मशेरी ही त्यांची उघड खोड होती. बोर्डिंगमध्ये तंबाखूला सक्त मनाई, आणि मेट्रनच सकाळी विहिरीजवळ बसून काळी बोटं दातांवरून फिरवायच्या. मिससाहेबांनी, म्हणजे मिशनच्या गोऱ्या बाईंनी, त्यांना पुष्कळदा समज दिली होती. मार्थाबाई प्रत्येक वेळी कबूल करायच्या, दोन-चार दिवस सोडायच्या, डोकं धरून बसायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. लपवायच्या मात्र कधीच नाहीत. "सुटंना झालीय," असं त्या मिससाहेबांना सरळ सांगायच्या. मिससाहेबांच्या जागी मी असते तर फार चिडले असते. मी तशीही चिडायचेच.

दिसायला त्या ठेंगण्या, जाड आणि सावळ्या. लुगडं नेहमी जरा वर खोचलेलं, आवाज खरखरीत. प्रेमळ वगैरे म्हणावं असा त्यांचा चेहराच नव्हता. नवरा कॉलऱ्यात गेला, मूलबाळ नाही. त्या मूळच्या औशाकडच्या, पण माहेरच्यांविषयी कधी बोलायच्या नाहीत. मुली त्यांना घाबरत. तरीही कुणाच्या हातून काही भलतं झालं, तर ती मुलगी मिससाहेबांकडे किंवा माझ्याकडे न येता आधी त्यांच्याकडेच जायची. हे मला कळत नसे आणि खरं सांगायचं तर आवडतही नसे.

रत्ना नावाची एक मुलगी कोठीघरातून गूळ चोरताना सापडली. मार्थाबाईंनी तिला खडसावलं आणि कोठीची किल्ली तिच्याच कमरेला बांधली. मी म्हटलं, हा काय प्रकार? चारच दिवसांत गुळाची ढेप पुन्हा कमी झाली. बाईंनी पुन्हा खडसावलं आणि किल्ली तिच्याकडेच ठेवली. मी त्यांच्याशी भांडले. मुली काय शिकतील, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, बघू. शेवटी एका दुपारी रत्ना रडत आली आणि किल्ली त्यांच्या पुढ्यात टाकून म्हणाली, माझ्यानं होत नाही, तुम्हीच ठेवा. बाईंनी मुकाट्यानं किल्ली कमरेला लावली. त्या दिवसापासून धान्य काढायला जाताना त्या रत्नाला बरोबर घेऊ लागल्या, म्हणजे ती आत एकटी कधी नसे. मुलगी पुढं सुधारली का, तर मला माहीत नाही. एवढं खरं, की बोर्डिंगमधून तिचं नाव काढायचा विषय कधी निघाला नाही.

इथपर्यंत ठीक होतं. गुळाची गोष्ट होती. पण सारा आणि उत्तमरावांचं प्रकरण झालं, तेव्हापासून मार्थाबाईंच्या ह्या वागण्यानं माझ्या डोक्याला जो त्रास झाला, तो आज मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, जाऊन एवढी वर्षं झाली तरी पुरता उतरलेला नाही.

उत्तमराव आमच्या ख्रिस्ती मंडळीचे कीर्तनकार. पांढरं धोतर, केशरी फेटा, हातात चिपळ्या. ते उभे राहिले की आमच्या देवळाबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, रस्त्यावर माणसं थांबत. हिंदू येत, मोमीनपुऱ्यातली मुसलमान मंडळी येत, तहसील कचेरीतले कारकून येत. असा गळा मी पुन्हा ऐकला नाही. घरी बायको सोनाबाई आणि दोन मुलं. सारा आमच्या मिशन दवाखान्यातली नर्स, नांदेडची, आईबाप नसलेली, पंचविशीच्या आतबाहेरची. कामाला चोख आणि जरा अबोल. तिला दिवस गेले आहेत हे दवाखान्यातल्या आयाच्या लक्षात आलं, आणि रविवारी उपासनेनंतर मंडळीचे पंच देवळातच बसले.

बायका मागं दाराशी उभ्या होत्या. पाळकसाहेबांनी साराला पोटातल्या लेकराच्या बापाचं नाव विचारलं. तिनं खाली बघूनच उत्तमरावांचं नाव सांगितलं. उत्तमराव उठले. छातीवर हात ठेवून, त्याच गोड आवाजात म्हणाले की ह्या मुलीला मी बहीण मानत आलो, तिच्यावर कसलं संकट आहे देव जाणे, मी तिच्यासाठी प्रार्थना करीन. पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचांनी साराला नोकरीवरून आणि मंडळीतून काढलं.

मार्थाबाई दाराजवळून म्हणाल्या, "हिनं एकटीनंच केलं का हे?"

पाळकसाहेब म्हणाले, "मार्थाबाई, हे पंचांचं काम आहे."

"हाव. म्हणून तर पंचांला विचारायले."

बाई बाकांच्या मधून पुढं गेल्या, साराच्या दंडाला धरलं आणि तिला घेऊन तडक बोर्डिंगवर आल्या. मिससाहेब म्हणाल्या, इथं लहान मुली आहेत, हिला इथं ठेवता येणार नाही. बाईंनी वाद घातला नाही. खोलीत जाऊन स्वतःची वळकटी बांधायला घेतली. मिससाहेबांनी ते पाहिलं आणि, सारानं मुलींच्या बाजूला यायचं नाही, एवढं सांगून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मी तिथंच होते. बाईंनी साराला पिठलं-भाकरी वाढली, तिचं खाऊन होऊ दिलं आणि मग म्हणाल्या, "तू बी चुकलीस. सोनाबाईचं घर हाय ते. हे एकदाच सांगते, पुन्हा काढणार न्हाई." सारानं मान हलवली. बाईंनी तो विषय खरंच पुन्हा काढला नाही. मंडळीतल्या बायका येऊन काढू लागल्या, की त्या चपला घालायला उठत आणि बायका घाईघाईनं निघून जात.

एवढ्यावर मी त्यांना देवमाणूस म्हटलं असतं. पण दुसऱ्याच दिवसापासून त्या उत्तमरावांच्या घरी जायला लागल्या.

संध्याकाळी मुलींची जेवणं उरकली की त्या निघायच्या. उत्तमराव आधी त्यांना गोड बोलून वाटेला लावायचे, मग घरात नाही म्हणून सांगायला लावू लागले. बाई ओट्यावर बसून राहायच्या. सोनाबाईला भाजी निवडू लागायच्या, पोराचं नाक पुसायच्या. एकदा उत्तमराव बाहेर येऊन ओरडले, की तुम्ही मला साऱ्या गल्लीत बदनाम करता आहात. बाई म्हणाल्या, "मी गल्लीला काय बी सांगितलं न्हाई. तुमालाच सांगायला येते. खरं बोला." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

मी विचारलं, "तुम्ही त्या माणसाच्या ओट्यावर बसता, साराला काय वाटत असेल?"

"तिला सांगून जाते मी."

"आणि सोनाबाईला?"

"तिला सारं ठावं हाय. बायकूला ठावं नसतंय व्हय?"

महिने गेले. साराला मुलगी झाली. बाळाचा बाप्तिस्मा करायला पाळकसाहेब का-कू करत होते. शेवटी मिससाहेबांनी मध्ये पडून एक रविवार ठरवला. सारा मंडळीबाहेर, म्हणून ती दाराशी उभी. बाळ मार्थाबाईंच्या हातात. उत्तमराव नेहमीप्रमाणे बाजाच्या पेटीपाशी बसलेले. पाळकसाहेबांनी विचारलं, ह्या लेकराच्या वतीनं कोण उभं आहे? मार्थाबाई उभ्या राहिल्या. पुढं नेमाप्रमाणे बापाचं नाव विचारायचं होतं. पाळकसाहेब तिथं अडखळले. बाळ चुटुचुटु बोट चोखत होतं.

उत्तमराव पेटीमागून उठले. चेहरा पार उतरलेला. "माझं नाव घाला," ते म्हणाले. "मी खोटं बोललो होतो."

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती आनंदानं सगळ्यांना सांगत फिरले असते. कुणी लेखक असता तर त्यानं ती इथंच संपवली असती. मी त्या दिवशी मार्थाबाईंच्या गळ्यात पडून रडले. पण पंच पुढच्याच रविवारी पुन्हा बसले, आणि साराच्या वेळी दाखवला होता त्याच्या दुप्पट आवेश त्यांनी आता दाखवला, कारण आपण फसलो ह्याची त्यांना लाज वाटत होती. उत्तमरावांचं काम गेलं, मिशनचं घर गेलं, मंडळीतलं स्थान गेलं. कालपर्यंत त्यांच्या पायाशी बसणारी माणसं रस्ता बदलून जाऊ लागली. साराचा मात्र मंडळीबाहेरचा हुकूम कुणी मागं घेतला नाही. त्याची कुणाला आठवणच राहिली नाही. मी पाळकसाहेबांना जाऊन विचारलं, तेव्हा ते म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. ती बैठक कधी झालीच नाही.

आणि उत्तमराव? खरं बोलल्यावर माणूस हलका होतो, असं आम्हाला शिकवलेलं. हे उलटे कडू झाले. आपण सगळ्यांसमोर कबूल केलं म्हणजे लोक आपल्याला पोटाशी धरतील, असं त्यांना वाटलं असावं. तसं झालं नाही, तेव्हा त्यांनी सगळा दोष मार्थाबाईंवर ठेवला. तुमच्यामुळं माझं वाटोळं झालं, असं त्यांनी भर बाजारात ऐकवलं. सोनाबाई मुलांना घेऊन उदगीरला भावाकडे निघून गेली. उत्तमराव शिंदीखान्यात पीत बसू लागले.

मला वाटलं, आता तरी बाई थांबतील. त्या शिंदीखान्यात जायला लागल्या.

आत नाही, दाराबाहेर. रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसायच्या. उत्तमराव बाहेर आले की त्यांना धरून त्यांच्या खोलीपर्यंत न्यायच्या. बरोबर फडक्यात भाकरी असायची. मिशनच्या बोर्डिंगची मेट्रन शिंदीच्या दुकानापुढं बसते ही बातमी मिससाहेबांपर्यंत जायला वेळ लागला नाही. पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. ज्याला मंडळीनं बाहेर काढलं त्याच्याकडे जाणं म्हणजे मंडळीचा अपमान आहे, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुमी फैसला केला, तुमचं काम झालं. भाकरी नेऊ नका असं फैसल्यात हाय का?"

त्या दिवशी मी त्यांच्याशी सगळ्यात मोठं भांडण केलं. मी सारासाठी चिडले होते. ती पोर आतल्या खोलीत बाळाला पाजत होती, तिचं आयुष्य ज्यानं नासवलं, तिला जाहीरपणे खोटं पाडलं, त्याच्यासाठी हिच्याच चुलीवर भाकरी भाजायची, हे मला पाहवत नव्हतं. मी म्हटलं, "तुमच्या ह्या प्रेमात तिचा इन्साफ कुठं बसतो?"

बाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या. सारा बाळाला घेऊन दाराशी आली. ती फारसं बोलत नसे, पण तेव्हा बोलली.

"बाई, मी त्यांना माफ करणार नाही. तुम्ही किती गेलात तरी."

मार्थाबाईंनी मागं वळून पाहिलं. "मी तुला कर म्हणलं का कवा?"

"नाही."

"माफ करायचं का न्हाई ते तुझं हाय. त्येच्यात मी बोलणार न्हाई, अन् दुसरं कुणी बोललं तर मला सांग. मी निस्ती भाकरी नेते."

सारानं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग आत गेली. तिला ते पटलं असावं, कारण तिनं पुन्हा त्याविषयी विचारलं नाही. मला पटलं नाही. माझी तक्रार होती की अशानं चूक करणाऱ्याला चुकीची किंमत कळत नाही. बाईंकडे पाहिलं तर वाटायचं, किंमत कळली की नाही ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणंच नाही. आणि तेही पुरतं खरं नव्हतं. उत्तमरावांना त्या गप्प बसून भाकरी देत नसत. "शिंदी सोडा, उदगीरला जा, बायकूपुढं उभं ऱ्हावा," हे त्या रोज सांगत. रोज तेच शब्द, त्याच खरखरीत आवाजात. ते शिव्या देत. बाई ऐकून घेत आणि पुन्हा तेच सांगत.

एकदा ते खरंच सुधारले. पिणं थांबलं, कपडे धुतलेले दिसायला लागले, उदगीरलाही जाऊन आले. बाईंचा चेहरा त्या दिवसांत असा उजळला होता की माझीही चीड कमी झाली. सोनाबाईच्या भावानं त्यांना उंबऱ्यातून परत लावलं होतं हे नंतर कळलं. पावसाळ्याच्या आत ते पुन्हा दगडापलीकडच्या त्या शिंदीखान्यात जाऊन बसले. बाईंनी एक दिवस मशेरी लावली नाही. विहिरीजवळ नुसत्या बसून राहिल्या. मला वाटतं, त्या रडल्या असाव्यात. संध्याकाळी भाकरी घेऊन निघाल्या.

पुढं माझी बदली नांदेडला झाली. साराही बाळाला घेऊन नांदेडला आली, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला लागली. मुलगी मोठी गोड निघाली. आम्ही दोघी आठवड्यातून एकदा तरी भेटत असू. सारा नेहमी विचारायची, बाई कशा आहेत? आणि कधी कधी, जरा थांबून, बाई अजून जातात का? मी म्हणायचे, जातात. ती मान हलवायची आणि मुलीच्या वेण्या घालायला लागायची.

मार्थाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते मोगलाईच्या अगदी अखेरच्या उन्हाळ्यात. बार्शीला बहिणीकडे गेले होते, तिथून छोट्या गाडीनं लातूरमार्गे नांदेडला परतत होते. सगळीकडे धास्ती होती. करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, आमच्या ट्रंका दोन-दोनदा उघडून बघितल्या. दुपारच्या वेळी गाडी मुरुडला थांबली. मी खिडकीतून पाणीवाल्याला हाका मारत होते, तोच फलाटाच्या टोकाला पोत्यांच्या थप्पीशी त्या बसलेल्या दिसल्या.

केस पांढरे झालेले, अंग निम्म्यानं उतरलेलं. बोर्डिंगच्या कामातून त्या तोवर सुटल्या होत्या. त्यांच्या शेजारी जमिनीवर उत्तमराव झोपले होते, बाईंच्या गाठोड्याचं उसं करून. तोंड उघडं, दाढी वाढलेली, एक पाय अनवाणी. ते मुरुडच्या अडतीत हमाली करतात हे मी ऐकलं होतं. ह्या वयात बाई लातूरहून तिथंही येत असतील, असं मात्र मनात आलं नव्हतं.

मी हाक मारली. त्यांनी ओळखलं, हसल्या, पण उठल्या नाहीत. मीच उतरून गेले. पहिलं त्यांनी साराचं विचारलं, मग पोरीचं. शाळेत जाती का, कुणासारखी दिसती? मी सांगितलं, आवाज फार गोड आहे. त्यांनी एकदा झोपलेल्या माणसाकडे पाहिलं.

माझा जुना राग उसळून आला. काळ कसला, ऊन कसलं, आणि ही म्हातारी इथं फलाटावर बसलेली. मी म्हटलं, "बाई, एवढी वर्षं झाली. हे सुधारणार आहेत का कधी?"

"मला काय म्हायती?"

"मग कशाला येता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदी साधी गोष्ट विसरले आहे.

"आपलं माणूस हाय," त्या म्हणाल्या. "आपल्या माणसाकडं जायला कारण लागतंय का?"

गार्डनं शिट्टी दिली. मी धावत जाऊन डब्यात चढले. ते उत्तर मला तेव्हा पुरलं नाही, आजही पुरत नाही. उत्तमरावांचं नाव निघालं की अजून माझ्या कपाळाची शीर उठते. मी मागं वळून पाहिलं तेव्हा गाडी हलली होती. मला वाटलं, त्या हात करतील. त्यांचे दोन्ही हात अडकलेले होते. एका हातानं त्यांनी पदर ताणून त्या झोपलेल्या माणसाच्या तोंडावर सावली धरली होती, स्वतःचं डोकं उन्हात उघडं टाकून, आणि दुसऱ्या हातानं त्या त्याच्यावरच्या माश्या वारत होत्या.